आईची शाल

दादा,

फोनवर तू पुन्हा विचारलंस, "आईला शाल पांघरलीस ना? तिला फार थंडी वाजायची." मी हो म्हणाले. ते खरं की खोटं, माझं मलाच कळेना, म्हणून लिहितेय. पाठवेन असं वाटत नाही.

या साथीत शवागारात नातेवाइकांना येऊ देत नाहीत. मी तिथे कामाला, म्हणून आई माझ्या हाती आली. आम्ही प्रत्येकाला सांगूनच हात लावतो. "आजोबा, कुशीवर वळवतोय हं." आईलाही सांगितलं, "शाल घालते गं." घातली आणि वाटलं, ही आता लाथाडणार. गेली काही वर्षं तिला अंगावर चादरसुद्धा सोसत नव्हती, दादा. थंडी वाजणारी आई तू घर सोडलंस तेव्हाची.

मी शाल काढली. तुझा आवाज आठवला, पुन्हा घातली. पुन्हा काढली. जोडीच्या मावशी मास्कमधून म्हणाल्या, "अगं, एकदाचं काय ते ठरव! वैतागतील त्या." आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता मला रडू फुटलं.

आईला ठेवलेल्या पिशवीची चेन लावायची वेळ झाली. मी शालीची घडी करून तिच्या हाताशी ठेवली, घरी झोपताना ठेवायचे तशी. म्हटलं, "लागली तर घे."

मग मी चेन लावली. आता तिने ती पांघरली की नाही, हे मी तुला कसं सांगू?

तुझी,
धाकटी