चौथ्या वर्षाच्या विहिरी

९ ऑगस्ट
घातलं नाव. ऑनर्स, भूगोल. तीन वर्षांची डिग्री घेऊन अख्खा वर्ग पांगला, चौथ्याला उरले मी एकटी. प्रिन्सिपॉल म्हणाले, एकटीचं टाइमटेबल कसं लावू? प्रभा मॅडम म्हणाल्या, मी घेते हिला. त्या स्वतः गेस्ट लेक्चरर, त्यांचीच ऑर्डर दरवर्षी येईल की नाही याचा पत्ता नसतो. तरी म्हणाल्या.
हे वर्ष निघालं तर एम.ए. एका वर्षात. मग नेट, मग कुठंतरी मीसुद्धा मॅडम. दुसरं काही नकोय मला.
अप्पा गोदामावरून आले, वॉचमनचा शर्टही काढला नव्हता, तेव्हाच सांगून टाकलं. "तिसरं झालं न्हवं? मग हे चौथं कामून?" समजावलं. कितपत पोचलं कोण जाणे. "मॅडम म्हणायल्यात तर कर बाई."

३० ऑगस्ट
वर्गखोली नाही. नकाशे ठेवतात त्या खोलीत बसतो, मॅ. आणि मी. एकटीच विद्यार्थिनी, जांभई द्यायची सोय नाही.
नळावर शेजारच्या शांताकाकू: "किती विषय राहिले गं?" एकही नाही म्हटलं. "असू दे, लाजू नको. आमच्या बाळ्याचेबी राहिलेत की." संध्याकाळी शेंगाच्या पोळ्या घेऊन आल्या. सांत्वनाच्या! रागारागानं खाल्ल्या. चांगल्या होत्या.

१९ सप्टें.
प्रोजेक्ट ठरला. आमच्या कोळारच्या आसपासच्या गावांतल्या जुन्या विहिरी, पाणी किती खाली जातं ते बघायचं. दर महिन्याला त्याच विहिरी, थेट उन्हाळ्यापर्यंत. दोरीला मीटरमीटरवर गाठ, टोकाला दगड. अप्पांनी एकेक गाठ ओढून बघितली. "पक्क्या हायत."

६ ऑक्टो.
पहिल्याच विहिरीवर फजिती. वाकून दगड सोडतेय तर एका म्हातारीनं मागून दंड धरला. "घरी भांडून आलीस का माय? नवरा तरास द्यायलाय का?" नवराच नाही म्हटलं तर तिची काळजी वाढली. पाणी मोजायला आलेय म्हटलं. "पाणी कोन मोजतंय?" रस्त्यापर्यंत सोडायला आली.
मॅ.ना सांगितलं. दोघी पोट धरून हसलो.

१४ डिसें.
उदगीरच्या आत्यानं आणलेलं स्थळ परत गेलं. डिग्री झाली म्हणता, मग पोरगी अजून कॉलेजात कशी, असं विचारलं म्हणे त्यांनी. स्थळ गेलं ते बरंच झालं. पण परवापासून अप्पा माझ्याशी फार गोड बोलतायत. म्हणजे त्यांनाही वाटतंय, मी नापास झालेय. माझे अप्पा!

८ जाने.
गेस्ट लेक्चरर संपावर. मॅ. पण. "मला जावंच लागतं गं." नकाशांच्या खोलीला कुलूप. व्हरांड्यात बसून आकडे उतरवले, बारापर्यंत, मग शिपायानं झाडायला घेतलं.

११ फेब्रु.
प्रिन्सिपॉलनी बोलावलं. गाइडची सही नसेल तर रिपोर्ट घेता येत नाही. दुसऱ्या कोणाची? भूगोलाचं दुसरं आहे कोण! "तीन वर्षांची डिग्री हातात आहे ना? ती घे आणि मोकळी हो. तुझ्यामागं आता चौथ्याला कोणी येणारही नाही." मोकळी होऊन जाऊ कुठं ते नाही सांगितलं.
आई म्हणते शिवणाच्या क्लासला जा. कोणी रागावत नाही. सगळे सांभाळून घेतात, ताटात जास्तीचं वाढतात. नापासासारखं वागवून वागवून मी खरंच तशी होत चाललेय.

२६ फेब्रु.
या महिन्याच्या विहिरी राहिल्यात. कोणासाठी मोजू.
दोरी घरीच राहिली. तरी गेले. पिंपळाच्या विहिरीवर बसले.

२७ फेब्रु.
काल पुढचं लिहवलं नाही.
कठड्यावर किती वेळ होते माहीत नाही. कोणीतरी अप्पांना फोन केला, तुमची नापास झालेली पोरगी विहिरीवर बसलीय. कोणाच्या तरी मोटारसायकलवर आले, ड्यूटी टाकून, एका पायात चप्पल. ओरडले नाहीत. माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही. "नापास झालीस तर हू दे माय. कुनाला काय देनं लागतो आपन?"
"मी नापास नाही अप्पा."
"व्हय व्हय. न्हाईस."
शांताकाकूंसारखंच म्हणाले. मोठ्यानं रडले मी.
मनात नक्की काय होतं, मलाच सांगता येत नाही. इथंसुद्धा.

१५ मार्च
विहिरी बंद. दोरी अप्पांनी कुठंतरी लपवली. अंगणात गेले तरी आई मागून येते. मार्च कोरा गेला तर रिपोर्टला अर्थ नाही, हे कोणापाशी बोलू? अप्पांना मार्कशीट दाखवल्या. "ह्या मागच्या वर्षीच्या हायत," म्हणाले. बरोबरच आहे.

२३ मार्च
संप मिटला. मॅ. घरी आल्या! चहा घ्यायच्या आधी अप्पांना म्हणाल्या, "चौथं वर्ष नापासाचं न्हाई अप्पा, जास्तीचं आहे. हिच्याशिवाय कुणी घेतलंच न्हाई."
अप्पांनी कपबशी त्यांच्याकडं सरकवली. मग म्हणाले, "कुनीच घेतलं न्हाई, तर हिनंच कामून घ्यावं?"
मॅ.नी माझ्याकडं बघितलं. मला आवडतं म्हणून, म्हटलं. इतकं साधं कारण मी त्यांना आजवर सांगितलंच नव्हतं.

२९ मार्च
अप्पांनी सुट्टी काढली. जुनी दोरी आणली आणि बाजारातून निळी नायलॉनची एक. निळी माझ्या कमरेला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन. "आता मोज." अख्खं गाव गोळा. पोरं हसतायत, म्हाताऱ्या शाबासकी देतायत. अप्पांना. मला पाताळात जावंसं वाटलं, पण कमरेला दोरी.
प्रत्येक विहिरीवर हेच. पिंपळाच्या विहिरीला तर त्यांनी दोरी पिंपळालाही एक वेढा दिला. गाठी मात्र मोठ्यानं मोजत होते.

१८ जून
व्हायवा. परीक्षक कलबुर्गीचे, शांत गृहस्थ. तक्त्यावर बोट ठेवलं. "फेब्रुवारीत सगळ्याच विहिरी कोऱ्या. का?"
"एका विहिरीवर गेले होते सर. दोरी विसरले."
"आणि दुसऱ्या दिवशी?"
"घरच्यांनी सोडलं नाही."
त्यांनी काहीतरी लिहिलं. मॅ. खिडकीतून बाहेर बघत होत्या.

२ जुलै
पास. ऑनर्स. फर्स्ट क्लास! मॅ.ना फोन केला. त्या रडल्या, मी नाही. त्यांची ऑर्डर यंदा अजून आलेली नाही.
शांताकाकूंना पेढा दिला. "सुटलीस बाई एकदाची!" जाऊ दे.
अप्पा आणि मी दारात बसलो होतो. पेढा हातातच होता त्यांच्या. म्हणाले, "त्या दिशी फोन आला तवा मी आधी घरी आलो. वाटलं, मोजायला गेली आसंल. तर दोरी खुंटीला. मग पळालो."
मी पेढ्यांचा खोका मिटला.
"खरंच इसरली होतीस?"
"व्हय अप्पा."
त्यांनी पेढा मोडून अर्धा मला दिला.
खुंटी मार्चपासून मोकळीच आहे. दोन्ही दोऱ्या कुठं ठेवल्यात ते मी विचारलं नाही.