आयेची भोंग्याची फुलं

आये, आज सकाळी गॅलरीतल्या पेटुनियाचे शेंडे खुडताना तुझी फार आठवण आली, म्हणून लिहायला बसले.

तू बापाची दुसरी बायको होऊन किन्हवलीजवळच्या आमच्या घरात आलीस, तेव्हा माझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी तुझ्याशी बोलत नसे, कुठल्याच नावानं हाक मारत नसे. तुझा मामा मुरबाडला साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. त्यानं दिलेलं ह्याच फुलांचं चिमूटभर बी तू पदराच्या गाठीत बांधून आणलं होतंस. पाऊस सरल्यावर तू घासलेटच्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडलीस, माती आणि शेणखत चाळून भरलंस, ते धुळीसारखं बी वरच्यावर भुरभुरलंस आणि ओल्या गोणपाटानं झाकलंस. बाप म्हणाला, "ना देवाला चालायची, ना केसात माळायची. कशाला हा उद्योग?" तू म्हणालीस, "बघायला."

रोपं जरा उंच झाली आणि तू त्यांचे शेंडे खुडायला लागलीस. मी धावत आले. तुझ्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य तेच, "मारतेस कशाला त्यांना?"

"नाय गो, मरत नाय. शेंडा खुडला का बाजूनं फुटते. ये, तू खुड."

मी खुडला नाही. पण तिथून उठलेही नाही. पौषात डबे जांभळ्या फुलांनी भरून गेले. साहेबाच्या ग्रामोफोनच्या भोंग्यासारखी दिसतात म्हणून तू त्यांना भोंग्याची फुलं म्हणायचीस.

त्याच दिवसांत सगळे गाडी जुंपून म्हशाच्या जत्रेला निघाले आणि मला हिवताप भरला. तुला जत्रेत बांगड्या भरायची केवढी हौस होती! पण तू मागे राहिलीस. दुपारी मी डोळे उघडते तर उशाशी फुलांचा एक डबा. मी हाक मारते, "आये!" तू अंगणातून धावत येतेस, कपाळावर हात ठेवतेस, "काय गो?" म्हणतेस. मग बाहेर जाऊन, सकाळीच पाणी घातलेल्या डब्यांना पुन्हा पाणी घालत बसतेस, डोळे पुसत.

तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवावं तर तू नाहीस. हा कागद कुठेच जायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. तापातली ती हाक माझ्या गेलेल्या आईला होती. आलीस तू. संध्याकाळी पेज प्यायला उठले तेव्हा पुन्हा हाक मारली, ती मात्र तुलाच.