सोमवारपासून शुद्ध हवा

११ जून, बुधवार
बातमी पक्की! शिवकांताने सकाळी सांगितलं. मी बाप होणार. तोही साधासुधा नाही. लातुरात नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो, एपिजेनेटिक्स तर डाव्या हातचा मळ. जीन्स म्हणजे स्विचबोर्ड. पोटातल्या बाळापर्यंत धूर, आहार, ताण, जे काही पोहोचतं त्यावरून कुठलं बटण चालू राहणार, कुठलं बंद, ते ठरतं. डीएनए तोच, बटणं वेगळी. तेव्हा आजपासून घरात शुद्ध वातावरण. सिगारेट सोमवारपासून बंद. तोवर गच्चीवर. धूर वर जातो, हे विज्ञान.

१४ जून
देवघरातली उदबत्ती बंद केली. मिरचीची फोडणी बंद. आई म्हणाली, बाबा, तू पोटात होतास तवा चुलीचा धूर खाल्ला मी, अन् तू आता लई शहाणपण करून राहिलास. मी म्हणालो, म्हणूनच माझी काही बटणं बंद राहिली असतील. तिला ते लगेच पटलं. इतक्या लगेच पटायला नको होतं.

१६ जून, सोमवार
क्लासच्या टेस्टचा निकाल वाईट. प्रचंड ताण. आता ताण हेही एक्स्पोजरच. मला ताण आला की शिवकांताला येणार, तिच्यातून बाळाला. म्हणजे माझी एक सिगारेट ही बाळाची ढाल. ओढली. पुढचा सोमवार पक्का.

२१ ऑगस्ट
डॉ. जेबांकडे तपासणी. त्यांनी विचारलं, घरात धूर कशाचा? मी शेजारच्या खाजामियाँची जुनी स्कूटर सांगितली. शिवकांता पंख्याकडे बघत होती. डॉक्टर म्हणाल्या, गच्चीवर ओढली तरी धूर कपड्यांना, हातांना चिकटून खाली येतो. पण गच्चीचं नाव मी काढलंच नव्हतं! ह्या दोघींचं आधीच बोलणं झालेलं. असो. उपाय सापडला. गच्चीसाठी वेगळा शर्ट.

२३ ऑगस्ट
आईने गच्चीच्या शर्टाचं पोतेरं केलं. विज्ञानाची किंमत नाही घरात.

७ डिसेंबर
आठवा महिना. आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे घरात महाराज आले, बाळाने पुढे गळ्यात घालायचं इष्टलिंग शिवकांताच्या हाती दिलं. ह्या महाराजांची एक अट असते. बाळासाठी आईबापांनी एकेक आवडीची गोष्ट सोडायची. शिवकांताने चहा सोडला. चहाशिवाय तिचे डोळे उघडत नाहीत. मी दोडका सोडला. महाराज म्हणाले, वा. शिवकांता हळूच म्हणाली, महाराज, ह्यांनी दोडका आजवर धरलाच न्हाई. सगळे हसले. मीही हसलो, नाहीतर वाईट दिसलं असतं.

१५ डिसेंबर
शिवकांता मुखेडला गेली. पहिलं बाळंतपण माहेरीच, अशी रीत. मी पुष्कळ समजावलं. तिथं धूळ, एसटीचा धूर. इथलं वातावरण मी स्वतः घडवलेलं. ती म्हणाली, धूळ पुसता येती, तुम्हाला कसं पुसू? हा राग हार्मोनल आहे, मनावर घेत नाही.

रात्री जेवण गेलं नाही. घर एकदम शुद्ध वाटतंय. करमत नाही.

२१ जानेवारी, बुधवार. मुखेड
मुलगी! फोन आला तसा एसटीत बसलो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा आनंदाची एक ओढली. नंतर वेलदोडा. सासरे मन्मथअप्पा दारातच उभे होते. त्यांनी नमस्कार घेतला आणि नाक मुरडलं. हात दोनदा धुवायला लावले.

लेक एवढीशी. माझं पिवळं पडलेलं बोट तिने मुठीत घट्ट धरलं. सोडेचना. मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. शिवकांताने ती मूठ हलकेच सोडवली, फडकं कोमट पाण्यात भिजवलं आणि लेकीचं एकेक बोट पुसून काढलं. मग मला विचारलं, चहा घेता का? मला एकट्याला आला. ती अजून पीत नाही.

लाज वाटली. फार वाटली. आता सोमवारची वाट बघणार नाही. उद्यापासूनच बंद.

मन्मथअप्पांच्या गच्चीचा जिना मागच्या बाजूने आहे. सहज दिसला.