फ्रेंच सावधान-विश्राम

बाबा, मी फ्रान्सला जाऊन आले. बोईसरच्या कंपनीत वर्षानुवर्षं गोळ्यांची पाकिटं भरणारी तुमची लेक विमानात बसली, आणि ती कशाला, तर कवायत बघायला! तुमचा नातू तिकडच्या सैन्यात आहे. परदेशी पोरांनाही घेतात म्हणे. मला मात्र जहाजावर नोकरी लागली अशी थाप मारून गेला. खरं कळलं तेव्हा मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. दीड वर्ष. मग त्यानेच तिकीट पाठवलं, "आई, परेड आहे, ये." वाटेत मी ठरवून ठेवलं होतं, भेटल्या भेटल्या एक शब्द बोलायचा नाही, आधी जवळ घ्यायचं.

मैदानाच्या कडेला पालकांच्या खुर्च्या, समोर पांढऱ्या टोप्यांच्या रांगा. शेजारची नेपाळी बाई मला विचारते, "दीदी, ये क्या बोल रहे हैं?" मला तरी फ्रेंच कुठे येतंय! पण अधिकारी ओरडतो, "गार्द-आ..." आणि लांबवून थांबतो, तशी माझी पाठ आपोआप ताठ होते. "वू!" खाड्. सगळ्या टाचा एकदम. केळव्याच्या शाळेत कवायतीचे मास्तर म्हणून तुम्ही हेच तर शिकवायचात, आधी लांब "साव...", मग आखूड "धान!" "पोरी, हुकूम दोन तुकड्यांत येतो. लांब तुकडा कानांनी घ्यायचा, पायांनी नाय. आखूड पडल्याबिगर हलायचं नाय." मग मी त्या बाईला सांगतच सुटले. "अब ढीला छोड़ेंगे." तोच अधिकारी ओरडला, "रपो!" सोडलंच. झेंडा पुढे आला, म्हणजे आता सलामी. "प्रेझांते... आर्म!" बंदुका वर. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिथली सरपंच. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. एका झेंडावंदनाला मी लांब तुकड्यावरच हात उचलला, तेव्हा तुम्ही अख्ख्या गावासमोर मला रांगेबाहेर काढलं होतं. तो राग मी कित्येक वर्षं धरला. पण कान तुम्हीच दिलेत, हेही खरं.

तर त्या सलामीला माझा पोरगा "आर्म"च्या आधीच हलला. एवढंसंच, पण मला दिसलं. परेड सुटली आणि तो धावत आला, टोपी काखेत, उन्हाने रापलेला, बारीक झालेला. "आई, कशी झाली?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आधी हललास तू." जवळ घ्यायचं राहूनच गेलं, बाबा. त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "हो, चुकलं."

घरी आल्यावर त्या बाईने पाठवलेला व्हिडिओ मोठा करून बघितला. हललेला पोरगा भलताच कुणीतरी! माझा त्याच्या मागच्या रांगेत, पापणीही न हलवता उभा. टोप्या सगळ्या सारख्या, आणि मी आपली जाणकार! त्याने निमूट दुसऱ्याची चूक अंगावर घेतली, मला तोंडघशी पाडलं नाही. आपल्या घरात माफी तोंडाने कोण मागतं? ज्याचं चुकलं, तो आपल्या ताटातला मासा दुसऱ्याला वाढतो, की झालं. तुम्हीही तेच करायचात. म्हणून मी सुके बोंबील बांधून पालघरला पार्सलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, मासळी तिकडं जात नाय." पुडकं परत आणलं. रविवारी पोराचा फोन आला. तिकडच्या थंडीचं बोललो, माझ्या गुडघ्यांचं बोललो. तेवढं सोडून सगळं बोलले मी.