मांयच्या खुरसापुढे घातलेलं गाऱ्हाणं

१२ नोव्हेंबर २०१२

आज फजिती झाली. इथे गोव्यात मी कामाला जाते त्या रोझा मांयच्या अंगणात खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. संध्याकाळी शेजारी जमतात, तेर्स म्हणतात, म्हणजे माळेवरची प्रार्थना. मी मागे उभी असते. शेवटी मांय आपलं मागणं मागते. गुडघ्याचं बघ, बोटीवर कामाला गेलेल्या माझ्या पोराला, आग्नेलला सांभाळ. सगळे आमेन म्हणाले आणि मी मोठ्याने म्हटलं, ‘व्हय म्हाराजा!’

सवयच ती. आमच्या गावी, दोडामार्गाकडे, गावकर, म्हणजे गावचा मानकरी, सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो. आपण फक्त व्हय म्हाराजा म्हणायचं.

पाववाला बाप्तिस्त पदेर हसला. आठवीत मी वाचताना वर्ग असाच हसला होता, तेव्हापासून शाळा सुटली ती सुटलीच. मांय त्याला म्हणाली, ‘हसता कित्याक? तूं आमेन म्हणटा तेंच तिणें म्हटलें.’

१३ नोव्हेंबर

बाबांचा फोन नाही.

१५ नोव्हेंबर

भांडी घासता घासता विचारलंच मांयला. देवाला सगळं ठाऊक असतं, मग रोज सांगायचं कशाला?

म्हणाली, आग्नेल शाळेतून आला की त्याची भूक तोंडावरच दिसायची. तरी तो ‘मांय, जेवण दी’ म्हणाला की बरं वाटायचं. न बोलता जेवून गेला असता तर घराची खानावळच झाली असती.

मग मागितलं की मिळतं?

नाही म्हणाली. नवऱ्यासाठी चार महिने मागितलं, तरी गेला. ‘खूप झगडलें गो देवाकडे. पूण झगडूंक तो तरी आसलो.’

मी ताट दोनदा घासलं.

१८ नोव्हेंबर

मांय म्हणते, तुझ्यासाठी मी मागीन, पण एकदा तूही माग.

काय मागायचं ते ठाऊक आहे मला. खाण बंद पडली, तिथला माल वाहणारा बाबांचा ट्रक उभा राहिला, तोच घेऊन बाबा निपाणीकडे ऊस वाहायला गेले. अडतीस दिवस फोन बंद. आई शेजाऱ्यांना सांगते, रोज बोलतात. मीही तेच सांगते. बाबा हरवलेत असं तोंडाने बोललं तर खरं होईल – म्हणून.

२१ नोव्हेंबर

मांयचा घसा बसलाय. तेर्स कसाबसा संपला. मागण्याची वेळ आली तर तिने माझ्याकडे बोट केलं. सात माणसं होती. मला आमेनवाले शब्द येत नाहीत. गावकरासारखंच सुरू केलं, ‘बा देवा म्हाराजा…’ मग सांगून टाकलं. बाबांचा एकेचाळीस दिवस पत्ता नाही. रोज फोन येतो ते खोटं आहे. त्यांना घरी आण.

कुणी हसलं नाही. मांय घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘व्हय म्हाराजा.’ मग सगळेच म्हणाले. बाप्तिस्तसुद्धा.

घरी आईला सांगितलं. ती रागावली नाही. रडली.

२२ नोव्हेंबर

बाप्तिस्तने पाव देताना बाबांचं पूर्ण नाव, ट्रकचा रंग विचारला. ‘आधी सांगूंक जाय आसलें,’ एवढंच बोलला. खरंच, आधीच सांगायला हवं होतं.

२७ नोव्हेंबर

बाप्तिस्तकडे मैदा घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याला बाबा सापडले! निपाणीजवळ एका गुऱ्हाळात, पाय मोडून पडलेत. कुणाला सांगायची, काही मागायची लाज वाटली, म्हणून फोनच बंद ठेवला होता. उद्या त्याच ट्रकातून येतायत.

आई म्हणाली, तू बापावरच गेलीस.