पंखाचं अस्तर

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. मी आजही त्या अ‍ॅनिमेवेड्यांच्या, म्हणजे जपानी कार्टूनवाल्यांच्या, संमेलनात स्टेजमागच्या शिवणाच्या टेबलावर बसणार आहे. काल दिवसभर फुकटात शेपट्या आणि शिंगं शिवून दिली. कोण कुणाचं सोंग घेऊन आलंय, मला ओ की ठो कळलं नाही.

एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, धीरच झाला नाही. दुपारी मुखवटा घातलेलं कुणीतरी फाटका पंख घेऊन आलं. पंख उलटा केला, तर आतलं अस्तर म्हणजे आपल्या बैठकीतला हिरवा पडदा! तुम्ही पाडलेला इस्त्रीचा डागसुद्धा जसाच्या तसा. हरवला म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेतलं होतंत, तोच.

आपली धाकटी लेकच असेल का हो? दोन वर्षांपूर्वी भांडून गेली तेव्हा तिनेच नेला असेल? चालणं तिचं वाटलं, उंची नाही. पण उंच टाचांचे बूट होते. की तिने तो दुसऱ्या कुणाला दिला? माझं डोकंच चालत नाहीये. मुखवटेवाल्यांना नाव-गाव विचारायचं नाही, असा तिथला नियम आहे. मी विचारलं नाही, तेही बोललं नाही.

टाके मात्र मी मुद्दाम कच्चे घातलेत. पक्के करायला आज तीनला परत बोलावलंय. एवढा मोठा पंख धरायला दुसरा माणूस लागतो. तुम्ही याल?

आलात तर नुसता पंख धरा. बोलू नका. पडद्याबद्दल तर मुळीच नाही.