सेल उतरला होता का?

नाना, गेल्या महिन्यात मलाही कानाची यंत्रं बसली. दोन्ही कानांना, शेंगदाण्याएवढी. तुमच्यासारखी खिशात डबी आणि सदऱ्यावरून कानापर्यंत गेलेली वायर, असलं काही नाही. यांना सेलही लागत नाही. झोपताना एका डबीत ठेवायची, डबीची पिन भिंतीत खोचायची, सकाळी भरलेली मिळतात. तुम्ही असता तर आधी ती डबी उघडून आत काय आहे ते पाहिलं असतंत, आणि आई म्हणाली असती, "मोडा आता, मोडा." माझ्या अंगात या नसत्या चौकशा कुणाकडून आल्या, हे मला कधी शोधावं लागलं नाही.

नगरच्या ज्या दुकानातून यंत्रं घेतली तिथल्या मुलीला मी पहिल्याच दिवशी भंडावून सोडलं. ती सांगत होती, पूर्ण उतरेपर्यंत वापरू नका, उन्हात ठेवू नका, घाम पुसून मगच डबीत घाला, गरम असताना चार्जिंगला लावू नका. मी विचारलं, गरम असताना का नाही? ती म्हणाली, "मावशी, ताप आलेल्याला कुनी जबरदस्तीनं जेवू घालतं का?" मी जन्मभर परिचारिका होते, मला ते लगेच पटलं. घरी आल्यावर मुलानं आणखी भर घातली. तो सुप्याच्या कारखान्यात आहे आणि मोबाईलच्या बाबतीत त्याचं स्वतःचं शास्त्र आहे. पूर्ण भरू द्यायचा नाही, पूर्ण उतरू द्यायचा नाही, मधेच ठेवायचा. "कायम मधे राहिलं की बॅटरी जास्त जगते," म्हणाला. मी म्हटलं, बॅटरी जगेल रे, पण तिला जगण्यात मजा काय?

हे सगळं ऐकताना मला तुमचे नियम आठवत राहिले. साखर कारखान्याच्या मिलमध्ये कान गेले तुमचे, आणि मग ती डबी आली, एका पेन्सिल सेलवर चालणारी. झोपताना सेल बाहेर काढायचात. धोतराच्या सोग्यानं त्याची दोन्ही टोकं पुसायचात, हिरवट गंज धरलाय का ते उजेडात बघायचात. आवाज बारीक झाला की सेल खिडकीच्या दगडावर उन्हात. त्यानंही भागलं नाही की दाताखाली दाबून एक चेपका. आणि यंत्राला पुरेना झालेला सेल भिंतीवरच्या घड्याळात जायचा, तिथं तो महिनोन्महिने चालायचा. मी विचारलं होतं, मेलेला सेल घड्याळाला कसा चालतो? तुम्ही म्हणालात, "घड्याळाला थेंब लागतो. कानाला घोट लागतो." उन्हानं सेलमध्ये खरंच जीव येतो का, हेही मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, थोडा येतो, पण मग संपतोही लवकर.

सेल वाचवायचा म्हणून तुम्ही यंत्र बहुतेक वेळ बंदच ठेवायचात. रेडिओवरच्या बातम्यांना चालू, कीर्तनाला चालू, आमच्या भांडणांना बंद. त्यामुळे घरात काही खासगी बोलायचं झालं की आम्ही आधी तुमच्या खिशाकडे बघायचो. वायर कानात असायचीच, पण आत सेल जागा आहे की झोपलाय, हे तुमच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं.

तो दिवस मी आजवर कितीदा आठवला असेल. मी नगरला नर्सिंगच्या कोर्सला, सुट्टीला घरी आलेली. खर्ड्याकडचं स्थळ आहे, पाहुणे दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायला यायचेत. स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय, तुम्ही उंबऱ्याशी बसून शेंगा फोडताय. मी आईला म्हणते, मला हे लग्न नाही करायचं, ते लोक कोर्स सोडायला लावतायत. आईचा हात थांबत नाही. "पावणे उद्या यायचे आन् तू आज सांगती व्हय? लोक तोंडात शेण घालतील." मी रडते. म्हणते, या घरात माझं कुणी ऐकतच नाही. मग नानांना सांगते, म्हणून उठते, तर आई म्हणते, "त्यांना काय सांगती? त्यांचा सेल उतरलाय." मी तुमच्याकडे बघते. तुम्ही वर बघत नाही, शेंगा फोडत राहता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मी दाराआड उभी. चहा झाला, मुलाचे चुलते तुमच्याकडे वळून म्हणाले, मग करायची का सुरुवात? तेवढ्यात तुम्ही कानातलं बोंड काढून खिशात डबीवर टाकलंत. खिशातून कुईंऽऽ असा आवाज आला. तुम्ही वरून तळहात दाबलात, डबीचं चाक फिरवून ती बंद केलीत आणि शांतपणे म्हणालात, "सेल उतरलाय. काय ऐकू येत न्हाई. बाजाराला गेलो की आनतो, मग बोलू निवांत."

आई आतून ओरडली, "अवो, समोरच्या दुकानात मिळतो की!"

"आँ?"

चुलत्यांनी तुमच्या खिशाशी तोंड नेऊन हाका मारून पाहिल्या. तुम्ही हसून मान हलवत राहिलात, कधी होकाराची, कधी नकाराची. शेवटी ते उठलेच. "पोरीच्या बापाशी बोलता येत न्हाई, मग ठरवायचं कुनाशी?" थोड्याच दिवसांत त्यांनी दुसरीकडे जमवल्याचा निरोप आला. आई पुढं कित्येक दिवस सेलच्या नावानं बोटं मोडत होती. मी गुपचूप कोर्सला परतले. हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना सांगायचे, मला एका पेन्सिल सेलनं वाचवलं, ऐन वेळी मेला बिचारा.

परवा यंत्रांची तपासणी करायला परत दुकानात गेले. कानातून काढून तळहातावर घेतली तर दोन्ही किंचाळायला लागली, कुईंऽऽ. मी म्हटलं, चार्जिंग संपलं वाटतं, शेवटचे आचके देतायत. ती मुलगी हसली. "उलट हाय, मावशी. चालू हायेत म्हनून वरडतात. बाहेर पडलेला आवाज परत आत जातो ना, म्हनून. बॅटरी संपल्यावर गप पडतात." मी विचारलं, जुनी, खिशातली यंत्रंसुद्धा? "समदी," ती म्हणाली.

मी तिथंच खुर्चीत बसून राहिले. आधी हसू आलं, आणि रिक्षात बसल्यावर रडू. सेलमध्ये चांगला जीव होता, नाना. म्हणजे आदल्या दिवशी उंबऱ्यावरही असणार. तुम्ही माझा शब्द न् शब्द ऐकला होता. तेव्हापासून प्रश्नांनी डोकं पोखरलंय. कधी ठरवलंत? शेंगा फोडता फोडताच? आईला कधी कळलं का? चुलते खिशात ओरडत होते तेव्हा हसू कसं आवरलंत? एवढे प्रश्न, आणि ज्याला विचारायचे तो माणूस जाऊन किती काळ लोटला. म्हणून हे लिहून काढलं. टपालात टाकायचा प्रश्नच नाही.

तुमचं कौतुक वाटतंच. पण खरं सांगू, तुमचा थोडा रागही आलाय. तुम्ही त्यानंतर पुष्कळ वर्षं होतात. माझी नोकरी पाहिलीत, पुढं मी माझ्या पसंतीनं लग्न केलं त्यात अक्षता टाकल्यात. आणि मी मात्र परवापर्यंत हेच धरून चालले होते की त्या घरात माझं कुणी ऐकलं नाही, मी नशिबानं सुटले. एकदा तरी म्हणायचं होतंत, नाना, "ऐकलं हुतं गं मी."